खरवडलेली जागा

आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात शिरलं की डाव्या हाताला भिंतीवर एक पत्रक चिकटवलेलं दिसतं. कचरा कसा वेगळा करायचा, त्याचे नियम त्यात लिहिले आहेत. ओला वेगळा, सुका वेगळा. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून द्यायच्या. हॉटेलवाल्यांनी तेलाचे डबे निथळून द्यायचे, दुकानदारांनी पुठ्ठा सुतळीने बांधून ठेवायचा. सोमवारी आणि गुरुवारी सुक्या कचऱ्याचा टेंपो येणार, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घातक कचऱ्याचा. अक्षर माझं आहे. भाषाही माझीच. सहावा नियम तर शब्दन्‌शब्द माझा आहे, आणि त्या नियमाखातर मी हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, घाटरस्त्याला लागून आहे. रस्त्यावर सात-आठ हॉटेलं, चार दुकानं. वर डोंगरात तीन वाड्या. सगळ्यांची मिळून एक ग्रामपंचायत. मी सव्वीस वर्षं महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. रोज सकाळी मोटरसायकलने उतरायचो, संध्याकाळी चढायचो. गावात मला मान होता. अजूनही बऱ्यापैकी आहे. लोकांना काय, रजिस्टर भरणारा माणूस शिकलेला वाटतो.

कारखान्यात माल निळ्या ड्रममधून यायचा. माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम. रिकामा झाला की त्याचं काय करायचं, याचा नियम होता आणि तो माझ्या टेबलामागेच लावलेला होता. ड्रम तीनदा धुवायचा, धुतलेलं पाणी कारखान्यातच सोडायचं, मग ड्रमला वर-खाली भोकं पाडायची, म्हणजे पुन्हा कुणी त्यात काही भरू नये. असा फुटका ड्रम ठरलेल्या कंपनीच्या गाडीतूनच बाहेर जायचा. भोकं पाडायची मशीन माझ्या ताब्यात होती.

आता आमच्या भागात हा निळा ड्रम काय चीज आहे, ते सांगायला हवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे पाऊस थांबत नाही. आणि मार्च सरला की वरच्या वाड्यांतले झरे आटतात, बायका पाण्यासाठी डोंगर उतरतात. टँकर आला तर ज्याच्या दारात ड्रम, त्याच्या दारात पाइप सोडला जातो. ज्याच्याकडे नुसते हंडे, त्याने विहिरीवर जाऊन रांगेत उभं राहायचं. त्यामुळे ड्रम ही आमच्याकडे घरातली वस्तू झाली. गेली वीसेक वर्षं मुलीच्या लग्नात भांड्यांच्या मांडणीत एक निळा ड्रमही उभा असतो. त्याला हळदकुंकू लावतात, त्याच्या तोंडावर नारळ ठेवतात. नवरीची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवते. आत आधी काय होतं, हे कुणी विचारत नाही. महाडच्या बाजारात भंगारवाल्याकडे मिळतो, एवढं पुरतं.

स्टोअरकीपर असल्यामुळे ड्रमसाठी सगळं जग माझ्याकडे यायचं. वॉचमन, फिटर, साहेबांचा ड्रायव्हर, तालुक्यातले लांबचे नातेवाईक. "एक काढून ठेवा की, तुमच्या हातात आहे." मी कुणाला दाद दिली नाही. वीस वर्षं एकही ड्रम मी भोक पाडल्याशिवाय सोडला नाही. लोक मला शिष्ट म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग आक्का पडली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई रानात असायची, मला वाढवलं ते आक्काने. ती शाळेत गेली नाही, कारण मला कडेवर घेऊन घरी बसणारं कुणीतरी हवं होतं. पुढे तिचं लग्न वरच्या वाडीत झालं, आमच्याच ग्रामपंचायतीत, घरापासून पाऊण तासाच्या चढावर. मेहुणे लवकर गेले. मुलगा मुंबईला. त्या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये दोन हंडे डोक्यावर घेऊन चढताना तिचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. वाडीतल्या माणसाने ते बांधलं आणि वाकडंच बसवलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती डाव्या हाताने भाकरी थापत होती. म्हणाली, "तुज्या कंपनीत त्ये निले डरम असतात म्हनं. एखादा मिलला तर बग रे. मला आता दोन खेपा व्हत नाय."

माझ्याकडे तिने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

मी ड्रम निवडला. हे पुन्हा वाचा, कारण मला ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. स्टोअरमध्ये त्या दिवशी अकरा रिकामे ड्रम होते. त्यातला सगळ्यात नवा दिसणारा, चरे न पडलेला, झाकण घट्ट बसणारा असा एक मी निवडला. त्यात काय होतं, हे मला माहीत होतं, कारण आवक मीच लिहिली होती. ते साधं साबणाचं किंवा मिठाचं पाणी नव्हतं. ड्रमच्या पोटावर पांढरं लेबल होतं, त्याला लाल चौकट. चौकटीत एक कवटी आणि खाली दोन हाडं. शेजारी दुसरं चित्र, मेलेला मासा आणि वाळलेलं झाड.

रजिस्टरला मी अकराऐवजी दहा लिहिले नाहीत, तेवढा मी भाबडा नव्हतो. भोक पाडल्याची नोंद केली आणि ड्रम भोक न पाडता ओळखीच्या टेंपोत चढवून घरी आणला. परसात उभा केला. धुण्याचा सोडा घातला, चिंच घातली, आठ दिवस रोज पाणी भरून ओतलं. पाणी ओतायचो ते अळवाच्या वाफ्याकडे जायचं. पाचव्या दिवशी अळू करपलं. पानं कडेने तपकिरी झाली आणि देठ बसले. बायकोला वाटलं ऊन लागलं. मी ते उपटून उकिरड्यावर टाकलं आणि त्या दिवसापासून पाणी दुसऱ्या बाजूला ओतायला लागलो.

मग राहिलं लेबल. आक्काला अक्षर वाचता येत नाही, पण कवटी तिला कळली असती. शेतातल्या औषधाच्या बाटलीवर ती असते, विजेच्या डीपीवर असते. वाडीत सगळ्यांना कळते. म्हणून मी फडक्यावर रॉकेल घेऊन लेबल भिजवलं आणि भाजी चिरायच्या सुरीने खरवडून काढलं. गोंद चिवट होता. पाऊण तास लागला. त्या जागी प्लास्टिकवर सुरीच्या पात्याचे ओरखडे उठले, आडवे-तिडवे, एवढा मोठा चौकोन. हात फिरवला तर खरखरीत लागायचा. खाली भोक पाडून पितळेची तोटी बसवली. ती जरा डावीकडे कलती बसली. मला तेव्हा फक्त तोटी वाकडी बसल्याचं वाईट वाटलं.

आक्काने ड्रमला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, वाडीत सगळ्यांना खोबरं वाटलं. वाकड्या मनगटाने तिने त्या खरखरीत जागेच्या वरच कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शेजारणीला म्हणाली, "माज्या भावानं दिलाय. दुकानातला नाय, कंपनीतला हाय." मी तिथेच ओट्यावर बसून चहा पीत होतो.

पहिल्याच उन्हाळ्यात ती म्हणाली, "पान्याला वास येतो रे जरासा. औषदासारका."

मी म्हणालो, "प्लॅस्टिकचा असतो आक्का. नवीन हाय ना. जाईल."

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? ड्रम देणारा तिचा भाऊ कंपनीतला साहेब होता.

दुसऱ्या वर्षी तिच्या हाताला खाज सुटली. मग कोपरापर्यंत चट्टे आले, मग पोटावर. पोटात आग पडते म्हणायची. पोलादपूरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या. त्यांनी विचारलं, शेतात कुठलं औषध मारता का, साबण कुठला वापरता, मासे खाल्ले होते का. मी बाजूलाच उभा होतो. पाणी कशात भरता, असं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कुणीतरी म्हणालं, महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केली की कातडीचं दुखणं जातं. लोक लांबून तिथे येतात. मी तिला मोटरसायकलवर मागे बसवून तीन रविवार सवला घेऊन गेलो. ती कुंडाच्या पायरीवर बसून हातांवर पाणी घ्यायची आणि मी वर तिची पिशवी धरून उभा. परत येताना ती म्हणायची, "तुला माज्यापाय किती तरास." आणि घरी पोचल्यावर त्या डावीकडे कललेल्या तोटीखाली तांब्या धरून मला पाणी द्यायची. मी ते तोंडाला लावायचो आणि कुणाचं लक्ष नसलं की अंगणात ओतायचो.

तिचं दुखणं त्या ड्रममुळेच होतं का, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. अशी दुखणी आमच्याकडे ड्रम नसलेल्यांनाही होतात. आधी माझी समजूत मी याच वाक्याने घालायचो. पुढे पुढे मला त्या वाक्याची किळस यायला लागली. नक्की काय झालं, हे शोधता यावं म्हणून ज्या एका कागदाचा उपयोग होता, तो मीच खरवडून चुलीत घातला होता.

मी निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी गावात कचऱ्याचे नियम आले. वरून आदेश आला, शेड बांधली, बचत गटाच्या दोन बायकांना वर्गीकरणाच्या कामावर ठेवलं. ग्रामसेवक तरुण होता, नव्या दमाचा. तो माझ्याकडे आला. "काका, तुम्ही कंपनीत होतात, तुम्हाला घातक कचरा, रिसायकलिंग सगळं माहीत. पत्रक तुम्हीच लिहा." मला बरं वाटलं. निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नाही. चार दिवस बसून मी पत्रक लिहिलं.

पाच नियम झाल्यावर ग्रामसेवकाने विचारलं, "काका, ड्रमचं काय लिहायचं? निळे ड्रम घराघरांत आहेत. आज ना उद्या ते शेडवर येणार. त्यातला घातक कुठला आणि साधा कुठला, हे या बायकांनी ओळखायचं कसं?"

खरं उत्तर एका ओळीचं होतं. निळा ड्रम दिसला की तो घातक धरा आणि फोडा. पण तसं लिहिलं असतं तर त्याने विचारलं असतं, सगळेच कसे? मग कोण काय विकतं, कोण काय आणतं, कुणी कुणाला दिला, हे सगळं निघालं असतं. आणि वरच्या वाडीत आक्काच्या ओट्यावर माझा ड्रम उभा होता. मी म्हणालो, "सोपं आहे. लेबल बघायचं."

आणि सहावा नियम लिहिला. 'धोक्याचं लेबल असलेले ड्रम व कॅन घातक कचऱ्यात द्यावेत. लेबल नसलेले ड्रम घरगुती प्लास्टिक समजावेत. सुस्थितीत असल्यास ग्रामपंचायतीच्या वापरासाठी ठेवावेत.' ग्रामसेवकाने वाचून मान डोलावली. "एकदम क्लिअर," म्हणाला.

ग्रामसभेत मी हे सगळे नियम समजावून सांगितले. आक्का पहिल्या रांगेत खाली बसली होती. वाचता येत नसल्याने तिने ते ऐकून पाठ केले. सबंध वाडीत नियम पाळणारं पहिलं घर तिचं. दुधाच्या पिशव्या धुऊन ती दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायची. शेजारीण हसली तर म्हणायची, "माज्या भावाचा नियम हाय."

दीड वर्षापूर्वी वाडीत नळ आला, दिवसाआड पाणी. भाच्याने मुंबईहून येऊन कौलांच्या मागे नवी काळी टाकी बसवून दिली. निळा ड्रम रिकामा झाला. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मी त्याच आठवड्यात वर गेलो आणि आक्काला म्हणालो, "आता कशाला ठेवतेस? देऊन टाक पंचायतीला." तिचा जीव होत नव्हता. "चांगला हाय रे अजून," म्हणाली. तेव्हाच मी कोयता घेऊन तो फोडू शकलो असतो. पण चांगला ड्रम का फोडतोस, असं ती विचारणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. मी म्हणालो, "नियम हाय, आक्का." मग तिने तो आतून-बाहेरून घासला, उन्हात उपडा घालून वाळवला आणि सोमवारच्या टेंपोत स्वतः चढवला. मला वाटलं, शेडवर जाईल, तिथून भंगारात जाईल, वितळेल, संपेल. माझ्याच हातचा नियम मी वाचला नव्हता म्हणा ना.

यंदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदन अंगणवाडीसमोर होतं. पत्रक लिहिलं म्हणून मला श्रीफळ आणि शाल मिळणार होती. शाल अंगावर पडली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. मी व्हरांड्यात खुर्चीवर टेकलो. शेजारी लाकडी स्टुलावर एक निळा ड्रम होता. त्याला पितळेची तोटी होती आणि ती डावीकडे कललेली होती. ड्रमच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'पिण्याचे पाणी' लिहिलं होतं. मी बोट फिरवलं. रंगाखाली खरखरीत लागलं.

सेविकाबाई कौतुकाने म्हणाल्या, "पंचायतीने दिला काका. स्वच्छ आहे अगदी. रंग बाकी कुठे धरत नव्हता, तेवढ्याच जागेवर बसला." एवढं बोलून त्यांनी रांगेतल्या पोरांच्या पेल्यांत पाणी सोडायला सुरुवात केली. सोळा-सतरा पोरं, सहा वर्षांच्या आतली.

अशा वेळी माणूस ओरडतो, असं मला वाटायचं. मी ओरडलो नाही. मी शाल नीट केली आणि डोकं लढवलं. अजूनही मला सुटायचं होतं. मी म्हणालो, "बाई, माझ्याकडून अंगणवाडीला स्टीलची टाकी. उद्याच आणतो. हा ड्रम मला द्या परसात वापरायला."

बाई खूश झाल्या. "टाकी द्याच काका. पण ड्रमही राहू दे. टाकीतलं प्यायला आणि ड्रममधलं खिचडीला. नळ दिवसाआड येतो ना."

मग मी ग्रामसेवकाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हा ड्रम केमिकलचा आहे, तो आत्ताच्या आत्ता हलव. तो हसला. "काका, शेडवर बायकांनी तपासून ठेवलाय. लेबल नाहीये त्याच्यावर. सहावा नियम तुमचाच." मी म्हणालो, नियम चुकलाय. त्याचं हसू गेलं. "तुम्हाला कसं माहीत केमिकलचा आहे ते?"

एक पोरगी पेला घेऊन पुन्हा रांगेला लागली होती. तिला आणखी हवं होतं.

"लेबल होतं," मी म्हणालो. "मी खरवडलं. दहा वर्षांपूर्वी. कवटी होती त्याच्यावर." मला हळू बोलायचं होतं, पण आवाज भलताच मोठा निघाला. मी पोरांच्या हातातले पेले काढून ओतले, त्यातली दोघं रडायला लागली. मग शेजारच्या घरातून कोयता आणला, ड्रम आवारात आडवा पाडला आणि घाव घालायला लागलो. निळं प्लास्टिक फार चिवट असतं. कोयता उसळून परत येत होता. शाल कुठे पडली, मला कळलं नाही. कुणी मला धरलं नाही आणि कुणी मदतही केली नाही. पाणी अंगणातून झेंड्याच्या खांबाकडे वाहत गेलं. शेवटी ड्रम उभा चिरला, पांढऱ्या अक्षरांच्या मधोमध.

पोरांना त्याच दुपारी पोलादपूरला नेऊन दाखवलं. त्यांना काही झालं नाही. वर्षभर शेडवर पडून ड्रम अंगणवाडीत आला त्याला चार-पाच महिनेच झाले होते, शिवाय ड्रम दहा वर्षं धुतला गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. तो कुणी धुतला आणि ते धुतलेलं पाणी कुणाच्या पोटात गेलं, हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सहावा नियम बदलून द्यायला पंचायतीत गेलो. सगळे निळे ड्रम घातक, एवढंच लिहायचं होतं. ग्रामसेवकाने दार लोटून घेतलं. "काका, असं लिहिलं तर प्रत्येक घरात जाऊन पोरीच्या लग्नातला ड्रम मी फोडायचा का? लोक मला गावात राहू देतील? तुमचा एक होता, तो तुम्ही फोडलात. विषय संपला." मी घरोघरी जाऊन सांगितलं. लोकांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि ड्रम दिला नाही. एकजण म्हणाला, "तुमचा असेल तसला. आमचा दुकानातला हाय." पत्रक अजून तसंच भिंतीवर आहे.

वर वाडीत जायला मला चार दिवस लागले. माझ्याआधी बातमी पोचली होती, ते मला माहीत होतं. आक्का ओट्यावर बसून वाळलेल्या दुधाच्या पिशव्यांच्या घड्या घालत होती. घरी कुणीही आलं की ती आधी पाण्याचा तांब्या आणते, मग बोलते. त्या दिवशी ती तशी उठली नाही. मी ओट्याच्या कडेला बसलो. ड्रम जिथे होता तिथे शेणाने सारवलेल्या जमिनीवर अजून गोल दिसत होता.

"आक्का, तुला कळलं असेल," मी म्हणालो.

"कललं."

मी रडायला लागलो. साठी उलटलेला माणूस, नाक पुसत बसलो. माफ कर म्हणालो, चूक झाली म्हणालो, तुझं मनगट बघवत नव्हतं म्हणालो. ते खरंच होतं, म्हणून तर मला स्वतःची जास्तच चीड आली. तिने सगळं ऐकून घेतलं. हात थांबवले नाहीत. कोपराजवळचे चट्टे आता काळपट झालेत, ते मला समोर दिसत होते.

मग तिने विचारलं, "चित्र होतं म्हनं त्याच्यावर?"

"होय."

"कसलं?"

"कवटीचं."

"मला कललं असतं त्ये."

"म्हणूनच काढलं, आक्का."

तिने शेवटच्या पिशवीची घडी घातली, गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि गाठ मारली. वाकड्या मनगटाला गाठ एकदम जमत नाही, दोनदा करावी लागते. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरांसाटी कोयता घेतलास, बरा केलास. माज्यासाटी सुरी घेतली व्हतीस."

ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. पण ती आली, हातात तांब्या. तो तिने माझ्यासमोर ओट्यावर ठेवला आणि मी उचलेपर्यंत तिथेच उभी राहिली.

"पी," म्हणाली. "ह्याला वास नाय."